तानपुरा ऑनलाइन मागवताना: मोठी बाजारपेठ, मिरजेची छोटी वेबसाइट आणि ग्वाल्हेरचं एक कुटुंब

पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं मराठी कुटुंब. आई शाळेत शिकवते, वडील खासगी नोकरीत, मुलगी कॉलेजात आणि लहानपणापासून गाणं शिकणारी. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, दुकानांची आणि वेबसाइटचीही. ग्राहक तक्रारीचे अर्ज लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येतात, तशी ही आई आली आणि त्यामुळे पावत्या, मेसेज, स्क्रीनशॉट सगळं मला पाहायला मिळालं.

ग्वाल्हेरात मुलगी गाणं शिकते यात नवल नाही. माधव संगीत महाविद्यालय इथे १९१८ पासून आहे, दर डिसेंबरात तानसेन समारोह होतो, २०२३ मध्ये युनेस्कोने संगीताचं सर्जनशील शहर म्हणून ग्वाल्हेरचं नाव यादीत घेतलं. तरी घरोघरी रियाजाचा तानपुरा आता मोबाइलमध्येच वाजतो. या मुलीचंही तेच चाललं होतं. शेवटी गुरुजींनी आईला बोलावून सांगितलं, "हिला आता खरा तानपुरा घेऊन द्या. स्वतः लावायला लागली की कान तयार होईल. मोबाइल काय, लावलेलाच असतो."

घरात पणजोबांचा एक तानपुरा होता, पण तो पुरुषी मापाचा आणि भोपळा केव्हाच पिचलेला. मुलीची पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारसूर, काळी चार. म्हणजे बायकांच्या मापाचा, त्या पट्टीत बोलणारा नवा तानपुरा हवा. वडिलांनी आकडा सांगून टाकला: सगळं मिळून तीस हजार, वर एक पैसा नाही.

अडचण

मिक्सर घेताना मॉडेल नंबर तोच असला की वस्तू तीच येते. तानपुऱ्याला मॉडेल नंबर नसतो. एकाच कारागिराने एकाच आठवड्यात केलेले दोन तानपुरे सारखे बोलत नाहीत, कारण भोपळे सारखे नसतात आणि जवारी हाताने काढलेली असते. जवारी काढायची म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा वरचा पृष्ठभाग कानशीने अगदी सूक्ष्म उतार देत घासतात, तार त्या उतारावर हलकेच टेकत राहते आणि त्यातून तो झंकार निघतो. तारेखाली सुती दोरा सरकवून नेमकी जागा सापडली की तानपुरा उघडतो. उतारच चुकला असेल तर दोरा कुठेही सरकवा, आवाज बंदच.

हे फोटोत दिसत नाही. फोटोत दिसतं पॉलिश, नक्षी आणि भोपळ्याचा आकार. बरं, वाद्य घरी आल्यावरही लगेच कळत नाही. नव्या तारा ताणून बसायला दिवस जातात, तोवर सूर उतरत राहतो आणि जवारीबद्दल पक्कं मत देता येत नाही. लाकडाची आणि भोपळ्याची खरी परीक्षा तर मे महिन्यात. ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिसावर जातो, हवा कोरडी ठणठणीत, त्यात घरात कूलरचा ओलावा.

म्हणजे दोष कळायला लागणारा काळ आणि ऑनलाइन खरेदीत "परत करा" म्हणायला मिळणारा काळ, यांचा मेळच बसत नाही. पुढचं सगळं प्रकरण याच एका गोष्टीभोवती फिरलं. घरच्यांना ती दुसऱ्या खरेदीच्या वेळी दिसली.

समोरचे पर्याय

शहरात वाद्यांची दुकानं आहेत. ज्या दुकानात हे लोक गेले तिथे काळी चारचा तयार तानपुरा नव्हता. दुकानदार मागवून द्यायला तयार होता, पण पैसे आधी पूर्ण, आणि आला की घ्यावाच लागेल.

तानपुरे जिथे बनतात त्या मिरजेला जाऊन आणणं हा दुसरा पर्याय. गोवा एक्स्प्रेस मिरजेहून थेट ग्वाल्हेरला येते, गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. पण एका बाजूचाच प्रवास दिवसभराहून जास्त, आईच्या शाळेत परीक्षा, वडिलांना रजा नाही आणि गुरुजींचा कान सोबत न्यायचा तर त्यांचंही तिकीट. बेत बारगळला.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा विचार निघाला तसाच मागे पडला, गुरुजींचा मुद्दाच वेगळा होता.

उरले दोन: मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर मिळणारा तानपुरा, किंवा मिरजेच्या कारागिरांनी स्वतः काढलेल्या छोट्या वेबसाइट. घरात दोन तट पडले. वडील आणि मुलगी पहिल्या बाजूला, गुरुजी दुसऱ्या. आईचा कल कुठेच नव्हता, तिला फक्त पैसे बुडायला नको होते.

पहिला निर्णय: बाजारपेठेवरून मागवला

किंमत साडेचौदा हजार, हप्त्यांची सोय, आठवड्यात घरपोच. शीर्षकातच "मिरज तानपुरा, व्यावसायिक दर्जा". खाली लाल अक्षरांत "फक्त २ शिल्लक". चार ताऱ्यांच्या वर मानांकन. वडील म्हणाले, "परत करता येतोच ना, मग बघू तरी मागवून." या एका वाक्यावर ऑर्डर गेली.

त्या पानावर काय होतं आणि काय पाहिलं गेलं नाही, ते बारकाईने सांगतो, कारण बहुतेकांचं इथेच निसटतं. विक्रेत्याचं नाव आणि पत्ता पानावर होता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बाजारपेठेला तो द्यावाच लागतो. पत्ता महाराष्ट्रातला नव्हता. मिरजेचा माल बाहेरगावचा व्यापारी विकू शकतो, त्यामुळे एवढ्याने काही सिद्ध होत नाही, पण विचारायला हवं होतं. परीक्षणं उघडून वाचली असती तर दिसलं असतं की निम्मी घुंगरांची आणि तबल्याच्या गवसण्यांची होती. त्याच विक्रेत्याच्या वेगवेगळ्या वस्तू एका पानाखाली जोडल्या की तारेही एकत्र मोजले जातात. आणि "परत करता येतो" हे अर्धंच खरं होतं. बारीक अक्षरांत होतं: सात दिवसांत बदलून मिळेल. बदलून. पैसे परत हा शब्द नव्हता.

"फक्त २ शिल्लक"ही खोटी घाई निघाली. महिन्याभरानंतर मी ते पान उघडलं, तेव्हाही दोनच शिल्लक होते. ग्राहकाला अशी खोटी घाई लावणं हा २०२३ च्या डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्या, यांबद्दलच्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदलेल्या तेरा प्रकारांपैकी एक आहे. ते असूनही पान तसंच.

तानपुरा वेळेवर आला, चकचकीत आला. मुलीने लावायला घेतला तर एक खुंटी घसरत होती, खडू लावून ती बसवली. गुरुजी रविवारी आले. त्यांनी चारही तारा छेडल्या, दोरे वर-खाली केले, घोडीवरून बोट फिरवलं. घोडी प्लास्टिकची आणि जवळजवळ सपाट. म्हणाले, "आवाज आहे, पण बोलत नाही." सात दिवसांतले पाच तोवर गेले होते.

मुलीने ॲपमध्ये तक्रार टाकली: आवाज चांगला नाही. उत्तर आलं, बदलून देतो. बदली तानपुरा आला, तोही तसाच. पहिला न्यायला आलेला मुलगा मोटरसायकलवर होता. खोकं पाहून म्हणाला, "मैडम, ये बाइक पे नहीं जाएगा," आणि "ग्राहकाने वस्तू दिली नाही" अशी नोंद करून निघून गेला. ॲपमध्ये ते तसंच दिसायला लागल्यावर आई घाबरली, आणि तेव्हा ती माझ्याकडे आली.

इथे प्रकरणाला वळण मिळालं ते तक्रारीची भाषा बदलल्यामुळे. "आवाज चांगला नाही" ही आवडीनिवडीची बाब झाली. कस्टमर केअरवाल्याच्या यादीत तिला खाना नाही. आम्ही लिहिलं: शीर्षकात मिरज तानपुरा असं म्हटलं आहे, सोबत पानाचा स्क्रीनशॉट आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो, ज्यावर बनवणाऱ्याचं गाव वेगळं छापलेलं आहे, मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि दुसरीकडे बनलेल्या वाद्याला ते नाव लावता येत नाही, वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, म्हणून पैसे परत हवेत. वस्तू जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळत नसेल तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हे त्याच २०२० च्या नियमांत आहे. पत्र चॅटमध्ये न टाकता थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केलं. या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. शेवटच्या ओळीत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करणार असल्याचं लिहिलं.

नोंद करावी लागली नाही. पोच दुसऱ्याच दिवशी आली, छोटी गाडी येऊन दोन्ही खोकी घेऊन गेली, पैसे पूर्ण परत मिळाले. बाजारपेठेचं श्रेय तिला द्यायलाच हवं: पैसे तिच्या हातून गेले होते आणि विक्रेत्याला न विचारता ती ते परत फिरवू शकली. छोट्या वेबसाइटच्या मागे अशी तिसरी व्यक्ती नसते.

पण तिला जे करता येत नाही तेही इथेच दिसलं. बदलून देणं किंवा पैसे परत करणं, एवढ्या दोनच चाव्या तिच्याकडे आहेत. घोडी पुन्हा घासून देणारा माणूस तिच्याकडे नाही.

दुसरा निर्णय: कोणती छोटी वेबसाइट

आता गुरुजींच्या बाजूचं पारडं जड झालं. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यं बनतात. हत्यारं करणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून हा धंदा सुरू झाला असं मानतात, आणि सतारमेकर गल्ली हे नाव आजही आहे. मुलीने शोधून दोन वेबसाइट काढल्या.

पहिली दिसायला देखणी. तानपुरा बावीस हजार, "आजच मागवा, ३० टक्के सूट". पत्ता मात्र कुठेच नाही, एक फॉर्म आणि एक मोबाइल नंबर. आईने मोबाइलवर फोटो उलट शोधून पाहिले, तर तेच फोटो बाजारपेठेवरच्या तिघा विक्रेत्यांच्या पानांवर सापडले. साइटवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला तर कापडाच्या फर्मचा निघाला. ही पडताळणी फुकट असते, पाच मिनिटं लागतात. ती साइट तिथेच बाद.

दुसरी बेंगरूळ. काही वाद्यांना किंमतच नाही, पहिल्या पानावर जुन्या दिवाळीच्या शुभेच्छा तशाच. पण फोटो कुणीतरी अंगणात उभं राहून काढलेले: भिंतीला टेकवलेले भोपळे, अर्धवट कोरलेली तबली (भोपळ्यावर बसणारी लाकडी फळी), कोपऱ्यात चपला. सतारमेकर गल्लीतला पत्ता आणि ०२३३ ने सुरू होणारा लँडलाइन नंबर.

आईने फोन केला. ती विचारायच्या आधी पलीकडूनच प्रश्न सुरू झाले.

"पट्टी कोणती, ताई?"

"काळी चार."

"गाणारी बसून वाजवणार का आडवा ठेवून? आणि गाव कुठलं तुमचं? ग्वाल्हेर? मग एक सांगतो, कूलरसमोर ठेवायचा नाही. आणि खोळ जाड शिवून घ्या."

आईने मला नंतर सांगितलं की तिचा अर्धा विश्वास इथेच बसला. मी तिला एवढंच म्हटलं, की गोड बोलणं आणि धंद्यातले नेमके प्रश्न विचारणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे दुसरं आहे. पैशांचं मात्र कागदावरच बघू.

आवाज ऐकायचा कसा

कारागिराने व्हॉट्सॲपवर फोन लावून तानपुरा छेडला. गुरुजी ऐकत होते. पहिले दोन झंकार आले आणि मग आवाज बुडाला, पुन्हा उगवला, पुन्हा बुडाला. गुरुजींनी कपाळाला हात लावला. मुलीच्या लक्षात आलं की हा फोनचा प्रताप आहे. कॉलमधलं गोंगाट गाळणारं तंत्र एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मशीन समजून दाबून टाकतं, आणि तानपुऱ्याइतका एकसारखा आवाज दुसरा कुठला?

मग फोन बंद करून रेकॉर्डिंग मागवलं. फोन घोडीपासून हातभर लांब ठेवायचा, आधी हार्मोनियमवर काळी चारचा षड्ज द्यायचा, मग एकेक तार सुटी आणि मग चारही मिळून दोन मिनिटं. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, म्हणजे ती दाबली जात नाही. कारागिराने तीन तानपुऱ्यांच्या फाइली पाठवल्या. गुरुजींनी इअरफोन लावून दुसरा निवडला. पहिल्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सूर, पोकळ वाटला आणि तिसरा, त्यांच्या शब्दांत, "फार बडबडतो".

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटलेली पायरी ही. बाजारपेठेवर निवड होते ती फोटोची. इथे ठरावीक एका वाद्याची झाली, आणि तो तानपुरा ओळखता यावा म्हणून त्याच्या तबलीवरच्या रेषांचा फोटोही मागवून ठेवला.

पैसे आणि लेखी शब्द

तानपुरा सत्तावीस हजार, लाकडी पेटी आणि वाहतूक मिळून तीन हजार. फायबरची कडक केस हवी तर आणखी साडेसहा हजार. वडिलांचा तीसचा आकडा बरोबर भरला होता, त्यामुळे केस नाही. हा निर्णय पुढे भोवला.

कारागीर म्हणाला, "ताई, वेबसाइटवरून पैसे भरले की पेमेंट गेटवेवाले पैसे कापतात. माझ्या नंबरावर यूपीआय करा, पाचशे कमी करतो." यात लबाडी नव्हती, छोट्या दुकानदाराला ती कपात खरंच जड जाते. पण आईने पाचशे सोडले आणि वेबसाइटवरून क्रेडिट कार्डाने भरले, तेही दोन टप्प्यांत: दहा हजार आगाऊ, बाकीचे तानपुरा पेटीत बंद होण्याआधीचा व्हिडिओ पाहून. कार्डाने दिलेल्या पैशांवर माल न आल्यास बँकेकडे वाद नोंदवता येतो. यूपीआयने कुणाच्या खात्यावर पाठवलेले पैसे आपण स्वतः ढकललेले असतात. त्यांची नोंद राहते, पण मालाचा वाद बँक ऐकून घेत नाही.

वेबसाइटच्या अटींत कुठूनतरी उचललेलं एक इंग्रजी वाक्य होतं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही, वाहतुकीतल्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही. कारागिराला ते आहे हेच ठाऊक नव्हतं, साइट भाच्याने केली होती. अशा वाक्याने सगळं संपत नाही. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरतात. शिवाय तक्रार ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे मिरजेच्या माणसाविरुद्ध ग्वाल्हेरात. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. पण तीस हजारांसाठी आयोगापर्यंत जायची वेळ येऊ नये, म्हणून मेसेजमध्ये तीन गोष्टी लिहून मागायला मी आईला सांगितलं. वाहतुकीत मोडतोड झाली तर जबाबदारी कोणाची. तारा बसल्यावर जवारी एकदा फुकट करून देणार का. माल कधी निघणार.

पहिल्या दोन्हींना उत्तर आलं: "घरी नीट पोचेपर्यंत माझी जबाबदारी. जवारी वर्षभरात कधीही." तिसऱ्याला: "दसऱ्यानंतर."

वाट आणि भेग

दसरा गेला, दिवाळी आली. पावसाळा लांबला म्हणून पॉलिश वाळत नव्हतं. फोन केला की उचलला जायचा, उत्तर मिळायचं, पण तारीख मिळत नव्हती. वडील ऑर्डर रद्द करायच्या गोष्टी बोलू लागले. आईने एक करून पाहिलं: "कधी पाठवणार" विचारणं सोडलं आणि "आज कुठवर आलाय, फोटो पाठवा" म्हणायला लागली. फोटो येऊ लागले आणि घरातली कटकट थांबली. माल तरी उशिराच आला.

आला तोही घरी नाही, ट्रान्सपोर्टच्या गोदामात. वडील ई-रिक्षा करून गेले. पेटीचा एक कोपरा फुटलेला होता. गोदामवाला म्हणाला, सही करा आणि न्या. वडिलांनी सहीच्या वर लिहिलं: "पेटी कोपऱ्यात फुटलेली, आतला माल तपासलेला नाही." माणसाने तोंड वाकडं केलं, पण पावती दिली. घरी मुलीने पेटी फोडल्यापासून तानपुरा बाहेर येईपर्यंत न थांबता व्हिडिओ घेतला. भोपळ्याच्या बाजूला बोटभर लांबीची केसासारखी भेग होती.

आता काय? परत पाठवायचा म्हणजे तोच रस्ता, तेच धक्के, आणि पुन्हा दोन महिने. ठेवून घ्यायचा तर भेगेचा तानपुरा नव्याच्या किमतीला. कारागीर व्हिडिओ पाहून गप्प झाला. मग म्हणाला, भेगेच्या दोन्ही बाजूंना बोटाने टकटक करून आवाज ऐकवा. मुलीने ऐकवला. भेग आरपार नाही असं त्याचं मत पडलं, गुरुजींनीही मान डोलावली. त्याने दोन वाटा दिल्या: परत पाठवा, येण्याजाण्याचा खर्च माझा, किंवा तिथेच भरून घ्या, मी अडीच हजार परत करतो. त्याने मेसेजमध्ये दिलेला शब्द नाकारला नाही, वेबसाइटवरच्या त्या इंग्रजी वाक्याचं नावही काढलं नाही.

आईला नवा हवा होता, मुलीला तो सोडवत नव्हता. तिने तोवर दोन दिवस त्यावर रियाज केला होता. दुसरी वाट घेतली. भेग शहरातल्याच वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून भरून घेतली. अडीच हजार आठवड्यात जमा झाले.

एक धागा मात्र सैल राहिला. भेग उन्हाळ्यात वाढली तर भोपळा बदलून देणार का, असं आईने विचारलं. उत्तर आलं, "बघू की ताई." ते लिहून घ्यायला हवं होतं. तिने आणखी ताणलं नाही.

निकाल

डिसेंबरात कारागिराचा भाचा दिल्लीला काही वाद्यं पोचवायला निघाला होता, तो ग्वाल्हेरला उतरला. तारा तोवर बसल्या होत्या. त्याने पिशवीतून दोन कानशी आणि पॉलिश पेपरचा तुकडा काढला, एक तार बाजूला सरकवली, घोडीवर जिथे तारेची रेघ उमटली होती तिथे तीन-चार हात फिरवले, तार परत आणली, छेडली, कान भोपळ्याजवळ नेला, पुन्हा सरकवली. चारही तारांना मिळून तासाभराच्या आतबाहेर वेळ गेला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. गुरुजी समोर बसून होते. काही बोलले नाहीत, फक्त तानपुरा स्वतःकडे ओढून घेतला.

पैशांचा हिशेब असा: तीस हजारांतून अडीच परत, भेग भरण्याचे सातशे गेले, म्हणजे वाद्य अठ्ठावीस हजार दोनशेला पडलं. बाजारपेठेच्या व्यवहारात पैसा एकही गेला नाही, पण महिना गेला आणि मुलीचा उत्साह थोडा गेला. मे महिन्यात भेग नखभर पुढे सरकली. आवाजात फरक नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली ऑर्डर अजिबातच करायला नको होती, असं मला वाटत नाही. पान नीट वाचून केली असती तर बिघडत नव्हतं. विक्रेत्याला पानावरूनच "तानपुरा मिरजेत बनलेला आहे का, घोडी कशाची आहे" एवढं विचारता आलं असतं. उत्तर "होय" आलं असतं तर तक्रारीला तोच पुरावा झाला असता, उत्तर आलंच नसतं तर ऑर्डर टळली असती. गुरुजींना रविवारपर्यंत थांबवायला नको होतं, हे तर उघडच आहे. बदलण्याची मुदत सात दिवसांची असेल तर ज्याला वाद्य कळतं तो माणूस पहिल्याच दिवशी घरात हवा. बदली तानपुरा स्वीकारायलाही नको होता. घोडीचा दोष त्या एका नगाचा नव्हता, सगळ्या मालाचाच होता.

फायबर केसबद्दल मतभेद आहेत. वडील अजून म्हणतात, साडेसहा हजार भेगेपेक्षा महाग. पण ती केस एका प्रवासापुरती नव्हती, मैफलीला नेताना दरवेळी लागणार आहे, आणि मुलगी आता केसच घ्यायची म्हणते. तिसाचा आकडा ठरवताना वाद्याची किंमत आणि ते धड पोचवण्याची किंमत वेगळी मांडली असती तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता. मिरजेला जाण्याचा पर्याय झटकन सोडला, तोही पुन्हा मोजून पाहायला हवा होता. दोन तिकिटं आणि रजा धरूनसुद्धा आकडा फार वर गेला नसता, आणि तानपुरा मांडीवर ठेवून आला असता. अर्थात भाचा डिसेंबरात घरी आला, ते दुकानातून उचलून आणलं असतं तरी कदाचित झालंच असतं.

कारागिराच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. वेबसाइटवरचं ते वाक्य त्याने अजून काढलेलं नाही. त्याच्या शब्दापेक्षा ते वाक्य वाईट आहे, आणि नवं गिऱ्हाईक शब्द ऐकण्याआधी वाक्य वाचतं. आईने त्याला दोनदा सांगितलं. भाच्याला वेळ झाला की करू, म्हणाला.

तारांचे संच, खोळीचं कापड आणि सूर जुळवायचं छोटं क्लिप-यंत्र आता बाजारपेठेवरूनच येतं, आणि त्यात कधी अडचण आलेली नाही. भोपळा बदलायचा की नाही, ते भाचा पुन्हा दिल्लीला निघेल तेव्हा ठरेल. या वेळी त्याचा खर्च कोणाकडे, हे आईने आधीच मेसेजमध्ये विचारून ठेवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.